सहाशे रुपये आणि हिन्नोमचं खोरं

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी संडे स्कूल सुटलं, मुलं व्हरांड्यात चपला शोधत एकमेकांना ढकलत होती. एक मुलगी मात्र बाकावरच बसून राहिली. वय अकरा. मी फळा पुसत होतो. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, माझी आजी नरकात गेली का?"

आजी म्हणजे तिच्या आईची आई. त्या ख्रिस्ती नव्हत्या. दर सोमवारी आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात जायच्या, जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की नातीला घेऊन नंदीध्वजांची मिरवणूक बघायला रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभ्या राहायच्या. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. अर्धं घर उपासनेला येतं, अर्धं घर श्रावण पाळतं, आणि नाताळच्या करंज्या सगळे मिळून तळतात. आजी मे महिन्यात गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या भागात तीन संध्याकाळच्या संजीवन सभा, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या प्रवचनांच्या सभा, झाल्या. बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी दुसऱ्या दिवशी पाऊण तास नरकाचं वर्णन केलं. जाळ, किंकाळ्या, दातखाणे, न मरणारा किडा. शेवटी त्यांनी यादीच वाचल्यासारखं सांगितलं की कोण कोण तिथे आहे. मुलीने त्या यादीत आपली आजी शोधली होती.

मी तिला म्हणालो, "आईला विचार हं." एवढंच. एकोणतीस वर्षं मी मुलांना शास्त्र शिकवतो आहे, आणि माझ्याकडून एवढंच उत्तर निघालं. दुपारी घरी ताटावर बसलो, पण घास उतरेना.

तेव्हापासून महिनाभर हाच विचार डोक्यात आहे. तो इथे लिहून काढतो. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, काहींना हे पटणार नाही, त्यांनी मला भेटून बोलावं, मी दर रविवारी असतोच.

पहिली गोष्ट शब्दाची. 'नरक' हा शब्द आमच्याकडे मिशनऱ्यांच्या आधीपासून होता. रौरव, कुंभीपाक, यमाचे दूत, चित्रगुप्ताची वही, उकळत्या तेलाची कढई हे सगळं मराठी माणसाला आजीच्या मांडीवर कळतं. मराठी बायबल तयार करणाऱ्यांनी हाच शब्द घेतला, कारण दुसरा नव्हता. पण शब्दाबरोबर कढईही आली. पुराणातला नरक भोगून संपतो, तिथून जीव पुन्हा जन्माला येतो. ख्रिस्ती शिकवणुकीत परत येणं नाही. शब्द एक, अर्थ वेगळा, आणि मनातलं चित्र मात्र जुनंच. मी लहान असताना आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे संडे स्कूलात, भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. दोन रस्ते, एक रुंद, एक अरुंद, आणि रुंद रस्त्याच्या टोकाला ज्वाळा. मी त्या ज्वाळांत कढई शोधायचो.

आपल्या बायबलात दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत, हे मला फार उशिरा कळलं. 'अधोलोक' म्हणजे मेलेल्यांची जागा, इब्री भाषेत शिओल, ग्रीकमध्ये हेडीस. आणि 'नरक' जिथे येतो तिथे बहुतेक ठिकाणी मूळ शब्द आहे गेहेन्ना. गेहेन्ना म्हणजे गे-हिन्नोम, हिन्नोमचं खोरं. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला आणि दक्षिणेला लागून असलेली खरीखुरी दरी. आजही आहे, माणसं तिथून चालत जातात.

आमच्याकडे प्रवचनात हमखास सांगतात की ते खोरं म्हणजे यरुशलेमचा कचरा डेपो होता, तिथे रात्रंदिवस कचरा जळायचा. सोलापूरकरांना ते लगेच पटतं. उन्हाळ्यात तुळजापूर रोडच्या डेपोचा धूर आपण सगळ्यांनी नाकात घेतलेला आहे. मीही मुलांना हेच शिकवत आलो. पण येशूच्या काळच्या कुठल्याही लिखाणात हे सापडत नाही. ही माहिती पहिल्यांदा दिसते ती सुमारे १२०० सालच्या एका यहुदी भाष्यकाराकडे, म्हणजे हजारपेक्षा जास्त वर्षांनी.

जुना करार जे सांगतो ते कचऱ्यापेक्षा भयंकर आहे. त्या खोऱ्यात तोफेत नावाची जागा होती, आणि तिथे लोक मोलख नावाच्या दैवतासाठी आपली मुलं, पोटची मुलं, आगीत देत. आहाज राजाने दिली, मनश्शेने दिली. हे परदेशी राजे नव्हते, दाविदाच्या घराण्यातले होते, यरुशलेमात मंदिराजवळ राहणारे होते. पुढे योशीया राजाने ती जागा भ्रष्ट केली, म्हणजे पुन्हा कुणी तिथे मूल आणू नये. यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव त्याबद्दल म्हणतो की हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं.

हे वाक्य मी परत परत वाचलं. नरकाला जे नाव मिळालं ते आकाशातून पडलेलं नाही. माणसांनी स्वतःच्या हातांनी एक जागा केली, शहरापासून चालत जाण्याच्या अंतरावर केली, आणि तिचं नाव पुढे त्या शेवटच्या जागेला पडलं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्यासाठी हीच मोठी. नव्या करारात गेहेन्ना हा शब्द बारा वेळा येतो. अकरा वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात, तेही जिभेबद्दल. मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक ठिकाणी येशू कुणाशी बोलतो आहे ते लिहून काढलं. डोंगरावरच्या प्रवचनात: समोर शिष्य. मत्तय १० मध्ये: बारा प्रेषित. मत्तय १८ आणि मार्क ९ मध्ये: पुन्हा शिष्य. लूक १२ मध्ये तर तो आधी 'माझ्या मित्रांनो' म्हणतो. आणि मत्तय २३ मध्ये शास्त्री आणि परूशी, म्हणजे धर्म शिकवणारे. माझ्यासारखे.

बाहेरच्यांशी तो असं बोलत नाही. विहिरीवरच्या परक्या शोमरोनी बाईला तो नरक सांगत नाही. जक्कय या बदनाम जकातदाराला सांगत नाही. कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीच्या वेळी तर तो उलटं बोलतो. म्हणतो, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ लोक येतील आणि मूळपुरुष अब्राहामाच्या पंक्तीला बसतील, आणि राज्याचे पुत्र, म्हणजे राज्य आपलंच समजणारे, बाहेरच्या अंधारात टाकले जातील. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक पूर्ण वाचा, गेहेन्ना हा शब्द एकदाही येत नाही. प्रेषित पौल अथेन्समध्ये मूर्तिपूजकांपुढे उभा राहतो, न्यायाचा दिवस ठरलेला आहे हे स्पष्ट सांगतो, पुनरुत्थान सांगतो, पण हा शब्द वापरत नाही. त्याच्या एकाही पत्रात तो नाही.

म्हणजे आम्ही काय केलं? घरातल्यांना दिलेली ताकीद उचलली आणि शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन वाचली.

हे वहीत लिहून झालं त्या रात्री मला अक्का आठवली. खरं तर ती विसरली कधीच नव्हती, पण इतकी वर्षं तिला मी हिशेब मिटलेल्यांच्या कप्प्यात ठेवलं होतं.

मी १९८७ पासून पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होतो. सगळे मास्तर म्हणायचे. अक्का तिथे कांडी भरायची. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो: मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती आधी भरून द्यावी लागते, आणि ते काम बहुतेक बायकाच करतात. दिवसभर सुताची धूळ. डोक्यावर, पापण्यांवर, छातीत. अक्का पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाची, घरी तेलुगू, माझ्याशी तिचं तिचं मराठी. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी गेटजवळच्या लिंबाखाली बसून डबा खायची. मी सायकल आत घेताना तिला पाय आवरून घ्यावे लागायचे. अकरा वर्षं रोज. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, घरचे वाचतील. पण ते मला पाठ आहे. दर शनिवारी पगाराच्या पुस्तकात मीच लिहायचो.

मार्च १९९८. शनिवार. पगार वाटून झाला होता. मार्चअखेरच्या वह्या टेबलावर पसरलेल्या. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांचे, दिवस होते आणि सहा वाजता चर्चमध्ये संध्याकाळची प्रार्थना होती, शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. मी उपवास धरला होता. अक्का दारात आली.

"मास्तर, सहाशे पायजे उचल. छातीचा फोटो काढायला सांगितलंय."

मालकांनी मला सांगून ठेवलं होतं की हजारापर्यंतची उचल न विचारता द्यायची. कपाट माझ्या पाठीशी होतं, किल्ली कमरेला. पण उचल द्यायची म्हणजे कच्ची पावती, अंगठा, नोंद, मग बेरीज पुन्हा. दहा मिनिटं गेली असती.

मी म्हणालो, "अक्का, मार्चअखेर आहे. एक तारखेनंतर बघू."

"बरं मास्तर," म्हणाली आणि गेली.

मी वेळेवर पोचलो. कोणता शास्त्रभाग वाचला ते आठवत नाही. वाचन छान झालं असं दोघातिघांनी सांगितलं, ते आठवतं.

एक तारीख आली आणि गेली. अक्काने पुन्हा मागितलं नाही, मी विचारलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती कामावर यायची थांबली आणि चौथ्या दिवशी कळलं की गेली. मुलगी हिशेब न्यायला आली, असेल अठरा-एकोणीसची. मी पगार मोजून दिला आणि वर खिशातले पाचशे ठेवले. त्या रात्री मला चांगली झोप लागली. आज मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

सहाशे रुपयांनी अक्का वाचली असती असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. मी एवढंच म्हणतो की दारात माणूस होतं, किल्ली कमरेला होती, आणि मी देवाच्या घरी जायची घाई आहे म्हणून तिला परत पाठवलं.

त्या उपदेशकांची यादी खरी धरली तर आज अक्का जाळात आहे, कारण ती मार्कंडेयाला नमस्कार करायची, आणि मी अब्राहामाच्या उराशी, म्हणजे सुखाच्या जागी, जाणार, कारण माझं नाव मंडळीच्या रजिस्टरात आहे. लूकचा सोळावा अध्याय उघडा आणि सांगा, ही यादी तिथे बसते का?

तिथे येशूचा एक दाखला आहे. त्यातला श्रीमंत माणूस लाजर नावाच्या भिकाऱ्याला मारत नाही. हाकलतही नाही. जांभळी वस्त्रं नेसतो, रोज चैनीत जेवतो, आणि लाजर त्याच्या दाराशी पडलेला आहे. बस. पूर्वज अब्राहाम सोडला तर येशूच्या सगळ्या दाखल्यांत फक्त या एका पात्राला नाव आहे. लाजर म्हणजे एलाजार, 'देवाने साहाय्य केले'. श्रीमंताला नाव नाही. पण अधोलोकात (इथे शब्द अधोलोक आहे, गेहेन्ना नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं) तो वर बघतो आणि म्हणतो, लाजराला पाठव, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे. म्हणजे त्याला नाव माहीत होतं! इतकी वर्षं माहीत होतं. आणि तिथेही तो लाजराशी बोलत नाही, अब्राहामाशी बोलतो. लाजराला 'पाठव' म्हणतो. आधी पाणी आणायला, मग भावांकडे निरोप घेऊन. क्षमा मागत नाही. मला इथून काढा असंही म्हणत नाही. मरण आलं, सगळं गेलं, पण लाजर त्याच्यासाठी अजून गडीच आहे.

मोठी दरी ठेवलेली आहे, असं अब्राहाम सांगतो. मी हिशेबाचा माणूस, माझ्या डोक्यात येतं ते असं की ती दरी एका दिवसात पडलेली नाही. रोज दारातून बाहेर पडताना एकेक पाऊल वळसा घालून तो ती खणत होता. मेल्यावर फक्त तिचं माप दिसलं.

म्हणून नरक नाही असं मी म्हणणार नाही. काही शिकलेली माणसं मला म्हणतात, मास्तर, सोडा हो, भीती घालायच्या गोष्टी आहेत. नाही सोडणार. नरक नसेल तर अक्काचं 'बरं मास्तर' हवेत विरलं. कुणी ऐकलं नाही, कुणी विचारणार नाही. मला तसा देव नको. मला विचारणारा देव हवा, जरी तो मलाच विचारणार असला तरी.

आगीचं स्वरूप काय, ती किती काळ, यावर मंडळीत पहिल्यापासून वाद आहेत. ऑगस्टीन (३५४–४३०) हा धर्मपंडित म्हणाला की यातना सर्वकाळ चालतात, आणि बहुतेक मंडळ्या आजवर तेच धरतात. त्याच्याआधी ओरिजेन या धर्मपंडिताला आशा होती की शेवटी सगळं देवाकडे परत येईल. ती शिकवण ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास त्याज्य ठरली. जॉन स्टॉटसारख्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलाला घट्ट धरणाऱ्या, इंग्रज धर्मगुरूने १९८८ मध्ये, फार संकोचून, असं सुचवलं की दुष्टांचा शेवटी नाशच होत असेल, अखंड छळ नव्हे. कॅथलिकांची प्रश्नोत्तरी नरकाला माणसाने स्वतःहून देवापासून स्वतःला तोडून घेणं म्हणते. मी जुन्या मताचा आहे. पण शास्त्रात अग्नीही आहे आणि बाहेरचा अंधारही आहे, आणि दोन्ही एकाच जागी शब्दशः कसे असतील? एवढं कळतं की ज्याचं वर्णन करायला शब्द अपुरे पडतात अशी ती गोष्ट आहे. तिचा तक्ता करून भिंतीला लावू नये.

तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, हे मी आजही मुलांकडून पाठ करून घेतो. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने शेवटच्या घटकेला एक वाक्य बोललं आणि त्याची दरी बुजली. पण त्याच नव्या करारात मत्तय २५ आहे, शेवटच्या न्यायाचं चित्र. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे, आणि दोघंही चकित. डावीकडचे विचारतात, प्रभू, तू भुकेला होतास तेव्हा आम्ही कधी सेवा केली नाही? ते समजतं, आपण हिशेब ठेवणारी माणसं. पण उजवीकडचेही विचारतात, आम्ही तुला कधी जेवू घातलं? त्यांना आठवतच नाही. सार्वकालिक अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेला होता, असंही त्याच अध्यायात आहे. माणसांसाठी राज्य सिद्ध केलेलं होतं.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला थांबवलं. म्हणालो, "तुझ्या आजीचा न्याय करायचं काम मला दिलेलं नाही. सभेत आलेल्या पाहुण्यांनाही नाही. ज्याला दिलंय त्याच्या हातावर खिळ्यांचे व्रण आहेत. सगळ्या जगाचा न्याय करणारा योग्य तेच करेल, असं अब्राहाम म्हणाला होता, मी त्यावर विश्वास ठेवतो."

"म्हणजे नाही गेली?"

"म्हणजे मला माहीत नाही. आजीची आठवण आली की त्याच्याशी बोल. तो रागावणार नाही."

ती थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग मी का कोण जाणे तिला अक्काची गोष्ट सांगितली. सहाशे रुपये, मार्चअखेर, सगळं. तिने एकच विचारलं, "सर, तुम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगितलं का?"

सत्तावीस वर्षांत ते मला सुचलं नव्हतं.

गेल्या शनिवारी गेलो. अक्काची मुलगी आता विडी घरकुलात राहते, हैदराबाद रोडला. पंचेचाळिशीची झाली आहे, सून आलेली आहे. तिने ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर "मास्तर का?" म्हणाली आणि खुर्ची पुसून दिली. मी उभ्यानेच सांगायला लागलो, कारण बसलो असतो तर दुसऱ्याच गोष्टी बोललो असतो. उचल मागितली होती, कपाटात पैसे होते, मी दिले नाहीत. क्षमा कर, म्हणालो.

ती बघत राहिली. म्हणाली, "फोटो काढला होता की वो मास्तर. त्याच आठवड्यात. जुन्या घराशेजारच्या मावशीनं दिले होते पैसे. फोटोत निघालं, पण उशीर झालता."

कोण मावशी, विचारलं. ती दोन गल्ल्या सोडून राहते म्हणाली, आणि पोराला बरोबर दिलं.

मावशी दारातच बसली होती. सत्तरीच्या पुढची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. बोटं थांबली नाहीत. हजार विड्या झाल्या की मजुरी, हे सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे. १९९८ साली सहाशे रुपये म्हणजे तिच्या किती दिवसांचं विड्या वळणं असेल ते मी मनात मांडत होतो. पोराने तेलुगूत काहीतरी सांगितलं. मी वाकून विचारलं, मावशी, अक्काला छातीच्या फोटोला तुम्ही पैसे दिले होते, ते परत मिळाले का?

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"कोणते पैसे?" म्हणाली. मग सूप थोडं सरकवून तिने उंबऱ्यावर माझ्यासाठी जागा केली.